शह, मात आणि शाळेतला प्यून



गावात निवडणूक लागली की पारावर बसलेला एखादा म्हातारा सहज बोलून जातो, “अण्णांनी औंदा चांगलाच शह दिला बघा!” पाऊस दगा देतो, तरी एखादा शेतकरी जिद्दीने पीक हाती आणतो, मग वर्तमानपत्र मथळा देते, ‘दुष्काळावर मात’. शह आणि मात हे शब्द आपण इतके सहज वापरतो की ते आले कुठून, हे विचारावेसेही वाटत नाही. ते आले बुद्धिबळाच्या पटावरून.

हल्ली शाळाशाळांतून सामान्यज्ञानाच्या स्पर्धा होतात. ‘शहमात म्हणजे काय?’ असा प्रश्न येतो. मुलगा उभा राहतो, “राजा मेला” असे खणखणीत उत्तर देतो आणि गुण घेऊन खाली बसतो. पुष्कळ पुस्तकांतही हेच उत्तर छापलेले असते. पण गुरुजी, या उत्तरावर बरोबरची खूण करण्याआधी आपण थोडे मागे जाऊन पाहू.

आपल्याकडे सैन्याची चार अंगे मानीत: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. म्हणून सैन्य ‘चतुरंग’ आणि त्याचा पटावरचा खेळही ‘चतुरंग’. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त त्याचा उल्लेख आहे. हा खेळ इराणात गेला आणि ‘चतरंग’ झाला. पुढे अरबांनी इराण जिंकला. त्यांच्या भाषेत ‘च’ही नाही आणि ‘ग’ही नाही, तेव्हा ‘चतरंग’चा ‘शतरंज’ झाला. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये पोचला आणि इ. स. १००० च्या सुमारास युरोपात खेळला जाऊ लागला.

आता त्या उत्तराकडे वळू. ‘शाह’ म्हणजे राजा, हे खरे. आपल्या ‘क्षत्र’ शब्दाशी त्याचे जुने नाते आहे. राजावर हल्ला झाला की खेळणारा “शाह!” म्हणून प्रतिस्पर्ध्याला सावध करी. तोच आपला ‘शह’. ‘मात’चे मात्र तसे नाही. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, आणि त्यावरूनच ‘राजा मेला’ हा अर्थ रूढ झाला. पण हा बोल मूळचा फारसी, आणि फारसीत ‘मात’ म्हणजे कोंडीत सापडलेला, निरुपाय झालेला. भाषेचे अभ्यासक हाच अर्थ अधिक ग्राह्य मानतात. आणि पटावर पाहा ना! प्यादी मरतात, घोडे मरतात, वजीरही मरतो. राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला घर उरले नाही की डाव तिथेच थांबतो. शहमात म्हणजे राजा मेला नाही, राजा निरुपाय झाला.

आता सोंगट्यांकडे पाहू. आपला हत्ती इराणात ‘पील’ झाला. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे तो ‘फील’ झाला. मूर्ती घडवायची नाही म्हणून मुसलमान कारागिरांनी पुरा हत्ती न कोरता डोक्यावर सुळ्यांच्या खुणेचे दोन उंचवटे तेवढे ठेवले. इंग्रजांना ती खाच ख्रिस्ती धर्मगुरूच्या टोपीसारखी दिसली, म्हणून त्यांनी सोंगटीचे नाव ‘बिशप’ ठेवले. फ्रेंच तिला विदूषक म्हणतात. रशियात ती अजून हत्तीच आहे. कोपऱ्यातला रथ इराणात ‘रुख’ झाला, इंग्रजीत ‘रूक’ झाला, आणि युरोपातल्या कारागिरांनी त्याला बुरुजाचा घाट दिला. आपल्याकडे रथ पटावरून उतरला, हत्ती कोपऱ्यात गेला आणि त्याच्या जागी उंट येऊन बसला. म्हणून आज आपली मुले बुरुजाला हत्ती म्हणतात आणि धर्मगुरूच्या टोपीला उंट! घोडा तेवढा सगळीकडे घोड्याच्याच रूपात राहिला, आणि आपली अडीच घरांची उडीही त्याने सोडली नाही.

आता प्याद्याची गोष्ट ऐका. प्यादे हा शब्द फारसी. त्याच्या मुळाशी पाय आहे, आपल्या ‘पदाति’सारखाच. लॅटिनमध्येही पायी चालणाऱ्या शिपायाचे नाव पायावरूनच पडले. त्या नावापासून इंग्रजीत प्याद्याचा ‘पॉन’ झाला आणि पोर्तुगीजमध्ये ‘पिआंव’ झाला. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, त्यांच्याबरोबर हा शब्दही आला, आणि इंग्रजी अमदानीत तो कचेऱ्याकचेऱ्यांतून ‘प्यून’ म्हणून रुजला. तेव्हा गुरुजी, शाळेची घंटा देणारा प्यून आणि पटावरचे प्यादे हे नावाने सख्खे भाऊ आहेत.

‘शाह’चा प्रवास तर याहून लांबचा. युरोपात त्याची रूपे बदलत बदलत इंग्रजीत ‘चेक’ झाला. शह म्हणजे अडवणे. अडवणे म्हणजे तपासणे. आणि तपासणीच्या त्या अर्थावरूनच पेढीचा ‘चेक’ आला. पटाच्या चौकटींवरून चौकड्यांचे कापडही ‘चेक्स’ झाले. साखर कारखान्याचा चेक खिशात घालून, चेक्सचा सदरा अंगात चढवून जो शेतकरी बाजाराला निघतो, तो इराणच्या शाहाचे नाव दोनदा बरोबर घेऊन चालला आहे. त्याला ते ठाऊक नसते, एवढेच!

एका बाबतीत युरोपने खेळच बदलला. जुना वजीर दुबळा होता, तिरका एकच घर चाले. युरोपात त्याची राणी झाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटभर फिरण्याची मोकळीक मिळाली. ही चाल पुढे जगभर पसरली. आपल्याकडेही वजिराने राणीचे बळ घेतले, पण नाव वजीरच राहिले. आपल्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. असाच देशी खेळ शिकलेला पंजाबातला मीर सुलतान खान विलायतेला गेला आणि त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. आणि २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. ज्या पटावर युरोपने वजिराची राणी केली, त्याच पटावर एका मराठी मुलीने जग जिंकले.

आता पुन्हा त्या मथळ्याकडे येऊ. ‘दुष्काळावर मात’ म्हणजे दुष्काळ मेला असे नव्हे. तो पुन्हा येतो; आपले आजोबा हे जाणून होते. मात म्हणजे बांध घालून, विहीर खणून, दाणा राखून त्याला हलायला घर न ठेवणे. शब्दाचा खरा अर्थ कळला की कामाचीही खरी कल्पना येते. ‘राजा मेला’ एवढेच शिकलेला मुलगा डाव संपला म्हणून उठून जाईल. ‘राजा निरुपाय झाला’ हे समजलेला मुलगा पुढच्या डावाची तयारी करील.

म्हणून गुरुजी, सामान्यज्ञानाचे प्रश्न अवश्य विचारा. पण एका ओळीचे उत्तर आले की आणखी एक प्रश्न विचारा: “हे कुठून आले रे, बाळ?” एखाद्या शनिवारी वर्गात पट मांडा आणि मुलांना त्या उंटाच्या डोक्यावरची खाच दाखवा. इराण, अरबस्तान, स्पेन, गोवा आणि आपले गाव, सगळा भूगोल त्या चौसष्ट घरांत सापडेल.