मेढ्याचे अंथरूण आणि अग्नीचे भय

साताऱ्याहून वेण्णेच्या खोऱ्यातून निघालेला रस्ता मेढ्यास पोहोचतो आणि पुढे केळघरचा घाट चढून महाबळेश्वराच्या पठाराला भिडतो. 1656 साली शिवछत्रपतींनी चंद्रराव मोऱ्यांकडून जी जावळी हस्तगत केली तिचे नाव या तालुक्यास लाभले आहे, आणि त्याची कचेरी मेढ्यास आहे, एवढी या गावाची ओळख इतिहासाची पुस्तके करून देतात. परंतु या डोंगराळ मुलखातील रयत रात्री कशावर निजत होती, काय पांघरत होती आणि चुलीपासून चार हातांवर निजताना कोणत्या भरवशावर डोळे मिटत होती, याचा विचार इतिहासकारांनी फारसा केलेला नाही. तो करावासा वाटतो याचे कारण असे की गेल्या दोन पिढ्यांत अंथरूण जितके बदलले तितके त्यापूर्वीच्या कित्येक शतकांत बदलले नव्हते, आणि त्या पालटाबरोबर घरातील अग्नीचे भयही आपले रूप पालटून बसले.

जुने अंथरूण म्हणजे घोंगडी. जावळीच्या मुसळधार पावसात मेंढी टिकत नाही. म्हणून लोकर येथली नव्हे. ती पूर्वेकडची, जेथे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो त्या माणदेशाची. दहिवडी, म्हसवड आणि त्यांना लागून असलेला सांगलीकडील आटपाडी-जत हा टापू दख्खनी मेंढीचा. धनगरांनी कातरावे आणि सनगरांनी विणावे ही तेथील परंपरा. 1885 साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरातही घोंगडी विणण्याच्या या धंद्याची नोंद आहे. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून व शिजवून केलेली खळ ताण्याच्या सुतास कुंच्याने लावायची, ते उन्हात ताणून वाळवायचे आणि मग मागावर चढवायचे, अशी ती रीत. असे जाडेभरडे, काळेभोर वस्त्र जावळीत आले की पावसात त्याची खोळ होई, रात्री पांघरूण होई आणि पाहुणा आला की बैठकही होई.

या घोंगडीचा एक गुण मात्र व्यवहारात सर्वांस ठाऊक असूनही कोणी त्याचा गौरव केला नाही. चुलीतली ठिणगी तिच्यावर उडाली तर तेवढ्यापुरते केस जळाल्यासारखी दुर्गंधी सुटते, काळी खपली धरते आणि आग तेथल्या तेथे निमते. लोकरीचा एखादा धागा चिमट्यात धरून काडीच्या ज्योतीत नेला तर तो आक्रसून काळा मणी होतो, काडी दूर केली की विझतो, आणि तो मणी बोटांत चुरडला असता त्याची भुकटी होते. याचे कारण लोकरीच्या घटकद्रव्यांत आहे. तिच्यात सुमारे 16 टक्के नत्र आहे, गंधक आहे, आणि हवेतील ओलावा ती आपल्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंत सहज शोषून धरते. कापूस 400 अंश सेल्सियसच्या आसपास पेट घेतो. लोकरीस जवळजवळ 600 अंश लागतात. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. लोकर जळती राहण्यास तो सुमारे 25 टक्के लागतो, कापसाला मात्र 18 टक्के पुरतो. ज्याच्या कपड्यांनी पेट घेतला त्याच्या अंगावर घोंगडी टाकावी ही शिकवण खेड्यापाड्यांत होती, आणि ती सर्वस्वी शास्त्रशुद्ध होती.

घोंगडीच्या जोडीला जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ होती, आणि पुढे परिस्थिती सुधारलेल्या घरांत कापसाची गादी आली. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा पिंजारी अंगणात बसून आपल्या पिंजणाच्या तातीवर ठोके घालीत असे, आणि वर्षभर दबून गठ्ठ्यागठ्ठ्यांचा झालेला कापूस त्या टंकारासरशी पुन्हा ढगासारखा फुगून वर येई. उशांसाठी रानातल्या सावरीचा रेशमी कापूस होता. तो तर मेणचट आणि अतिशय ज्वालाग्राही. कापसाच्या गादीची आग मात्र वेगळ्या स्वभावाची होती. तिच्यात विडीचे थोटूक पडले तर ज्वाळा उठत नसे. आग आतल्या आत शिरून तासन्‌तास धुमसत राही, वरून पाणी ओतून ती विझली असे वाटे आणि मध्यरात्री पुन्हा धूर येई. म्हणून जाणती माणसे अशी गादी तत्काळ अंगणात ओढून, खोळ उसवून, कापूस पसरून विझवीत. या धुमसण्यातला विषारी वायू झोपलेल्या माणसाचा घात करू शकतो हे खरे. तथापि जागृत माणसाला सावध होण्यास या आगीत बहुधा अवधी मिळे.

तो अवधीच फोमने हिरावून घेतला. जर्मनीत लेव्हरकुझेन येथे ओटो बायर यांनी 1937 साली पॉलियुरेथेनचे रसायन सिद्ध केले, आणि 1950 नंतरच्या दशकात त्याचा मऊ, दाबला असता परत वर येणारा फोम कारखान्यांतून निघू लागला. पॉलिऑल नावाचा दाट द्रव, टोल्यूइन डायआयसोसायनेट आणि थोडे पाणी एकत्र आले की कर्बद्विप्राणिल वायू सुटतो, मिश्रण फसफसून वर चढते, आणि थोड्याच मिनिटांत उंच लादी तयार होते. दुकानदार ज्यास 32 डेन्सिटी म्हणतो त्या फोमच्या एका घनमीटरात द्रव्य केवळ 32 किलो असते. उरलेली सुमारे 97 टक्के जागा हवेची. जावळीतील माणसे पोटासाठी मुंबईस गेली, गिरण्यांत आणि माथाडी कामात राबली. अशा घरांत शहरातल्या वस्तू येऊ लागल्या आणि त्यांत ही हलकी गादीही आली. एका माणसाने खांद्यावर टाकून घाटरस्त्याने न्यावी, पिंजाऱ्याची वाट पाहू नये, ढेकणांना गुठळ्यांत थारा मिळू नये, हे तिचे लाभ खोटे नाहीत, आणि ज्यांच्या पाठीने आयुष्यभर ओझी वाहिली त्यांनी मऊ गादीची इच्छा धरली यात दोष काढण्यासारखे काही नाही.

परंतु जी हवा तिला मऊपणा देते तीच तिच्या आगीस प्राणवायू पुरविते. सूक्ष्म पेशींच्या पातळ भिंतींचे ते जाळे असल्यामुळे उष्णता साठवून ठेवण्याइतके द्रव्यच एका ठिकाणी नसते; पृष्ठभाग क्षणात तापतो, फोम आक्रसतो, वितळतो, पिवळसर धूर सोडतो, आणि त्याचा जळता रस ठिबकून पलंगाखाली साचला की खालून दुसरी आग वरच्या गादीस भाजू लागते. या धुरात कर्बएकप्राणिल वायू असतो आणि फोममधील नत्रापासून झालेले हायड्रोजन सायनाइडही असते. न्यायाने सांगितले पाहिजे की जळत्या लोकरीतूनही ते विष निघते. भेद इतकाच की लोकर पेटविणे कठीण आणि फोम पेटविणे सोपे.

यावर उपाय म्हणून ज्वलनरोधक द्रव्ये आली. मात्र त्यांचा इतिहास फोमहून पुष्कळ जुना आहे. 1735 साली ऑबडाया वाइल्ड यांनी इंग्लंडात तुरटी, टाकणखार आणि धातुक्षारांनी कापड अग्निरोधक करण्याची सनद मिळविली. 1821 साली गे-ल्युसॅक यांनी फ्रान्समधील नाट्यगृहांच्या पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट व टाकणखार यांची परीक्षा केली. पुढे बावीस वर्षांनी सांगलीस विष्णुदास भावे यांनी आपले पहिले नाटक उभे केले तेव्हाही रंगभूमीवर दिव्यांची उघडी ज्योतच होती. पडदा, कनात आणि ज्योत यांचा हा शेजार सर्व देशांतील नाट्यव्यवसायाने आपल्या जोखमीवर सोसला आहे.

फोममध्ये ज्वलनरोधक द्रव्य वरून फासता येत नाही; ते मिश्रणातच घालावे लागते. क्लोरीन आणि फॉस्फरस असलेले टीसीपीपीसारखे द्रव उष्णतेने बाष्परूप होऊन ज्योतीत शिरतात आणि दहनाची साखळी पुढे नेणारे क्रियाशील कण पकडून ती साखळी तोडतात. मेलामाइनची भुकटी उष्णता शोषून घेते आणि अज्वलनशील वायू सोडून ज्योतीस पातळ करते. प्रसरणशील ग्रॅफाइट तापले की फुगून कोळशाचे कवच धरते. अशा फोमच्या तुकड्यास काडी लावली तर तो मागे सरकतो, थोडा वितळतो, आणि काडी दूर होताच बहुधा विझतो. फोम जड असेल तर आग आणखी मंदावते. पेशी अधिक उघड्या असतील तर ती वाढते.

येथेच या द्रव्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण दुकानात ती सांगितली जात नाही. काडी, निरांजन, विडी एवढ्यापुरते हे रक्षण आहे. पडदा किंवा शेजारचे सामान भडकून खोली तापली की ज्वलनरोधक फोमही जळतोच, आणि हॅलोजनयुक्त द्रव्यामुळे दहन अपुरे होऊन धूर व कर्बएकप्राणिल वायू पूर्वीपेक्षा वाढू शकतो. ज्योतीस अडविणारे प्रत्येक द्रव्य धुमसण्यास अडवितेच असेही नाही. 8 मे 1979 रोजी मँचेस्टर येथील वूलवर्थच्या दुकानात फर्निचर पेटून 10 माणसे दगावली, आणि 1988 मध्ये ब्रिटिश सरकारने साध्या फोमवर निर्बंध घालणारा कडक कायदा केला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1975 मध्येच उघड्या फोमवर 12 सेकंद ज्योत धरण्याची कसोटी लावली होती. तीत उतरण्यासाठी कारखान्यांनी पुष्कळ रसायन ओतले, ते हळूहळू फोममधून बाहेर येऊन घरच्या धुळीत आणि लहान मुलांच्या शरीरात आढळू लागले. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतील ब्रोमीनयुक्त ‘ट्रिस’ हे ज्वलनरोधक 1977 मध्ये अमेरिकेत बंद झाले. 2009 मध्ये पेंटाबीडीई हे फोममधले प्रमुख द्रव्य स्टॉकहोम करारात निषिद्ध ठरले, आणि भारत सरकारने 2018 च्या नियमांनी त्यावर बंदी घातली. कॅलिफोर्नियानेही 2013 मध्ये जुनी कसोटी मोडून फर्निचरच्या आवरणासह धुमसण्याची कसोटी स्वीकारली. आवरणाची निवड हा रसायनाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, ही गोष्ट मान्य व्हायला एवढी वर्षे लागली.

वाहनांच्या बाबतीत आपल्याकडे नियम आहे: आसनाच्या साहित्यावर ज्योत मिनिटाला 100 मिलिमीटरांहून वेगाने सरकू नये. मेढा आगारातून सुटणाऱ्या एसटीच्या आसनाविषयी सरकार जो प्रश्न विचारते, तोच घरच्या गादीविषयी गिऱ्हाइकाने विचारला पाहिजे. डेन्सिटी किती हे आपण विचारतोच. आत ज्वलनरोधक आहे काय, असल्यास कोणते, हेही विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. पातळ पॉलिएस्टरच्या खोळीऐवजी घट्ट विणीची जाड खोळ घ्यावी, डासांची पेटती अगरबत्ती आणि निरांजन पलंगाजवळ ठेवू नये, आणि ज्यांच्या घरी अजून माणदेशची घोंगडी असेल त्यांनी ती माळ्यावरून काढून फोमच्या गादीवर अंथरावी. सनगरांचे माग आता थोडेच उरले आहेत; शक्य असेल त्याने एक नवी घोंगडीही विकत घ्यावी.