स्पंज : वनस्पती की प्राणी? एका प्रश्नाचा इतिहास



पाटी पुसण्यासाठी लहानशा डबीत ओला करून ठेवलेला स्पंजाचा तुकडा आपल्यांपैकी पुष्कळांना आठवत असेल. तो बहुधा कृत्रिम असे. परंतु ज्याच्यावरून त्याला ते नाव मिळाले, तो खरा स्पंज म्हणजे समुद्रतळाशी खडकाला चिकटून जगणाऱ्या एका प्राण्याचा सांगाडा होय. तो प्राणीच आहे हे निश्चित होण्यास दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या प्रश्नाला हात घातला होता. उपटू लागल्यास स्पंज अंग आवळून घेतो, या समजुतीची नोंद त्याने केली आणि त्यास संवेदना असावी, असे सुचविले. तथापि जो हलत नाही, ज्याला तोंड नाही, त्यास प्राणी कसे म्हणावे? लिनीअसने १७५३ मध्ये स्पंजांना वनस्पतींतच बसविले. १७६५ मध्ये जॉन एलिस याने जिवंत स्पंजाच्या छिद्रांतून पाण्याची ये-जा होते, असे दाखविले; पण शंका फिटली नाही.

ती फेडली एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने. १८२५ च्या सुमारास त्याने जवळच्या किनाऱ्यावरील जिवंत स्पंज काचेच्या वाटीत समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मोठ्या छिद्रातून पाण्याचा लोट अखंड बाहेर पडत होता व आपल्याबरोबर कण वाहून नेत होता. पाणी लहान रंध्रांतून आत शिरते आणि मोठ्या छिद्रातून बाहेर पडते, हे सिद्ध झाले. ‘पोरिफेरा’, म्हणजे रंध्रधारी, हे या संघाचे नाव त्याचेच. याच ग्रँटबरोबर किनाऱ्यावर जीव गोळा करीत हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांत तरुण चार्ल्स डार्विनही होता.

हा प्रवाह निर्माण करणाऱ्या पेशींना गळपट्टीसारखे वलय व चाबकासारखी एकेक कशाभिका असते. असंख्य कशाभिकांच्या फटकाऱ्यांनी स्पंज दिवसाकाठी आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतो आणि त्यातील जीवाणू टिपून खातो. त्याला ना हृदय, ना मज्जातंतू. तरीही पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ त्याचा वंश टिकून आहे.

या इतिहासाचे एक पान मुंबईत लिहिले गेले. लष्करी शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर १८४२ ते १८६२ या काळात तेथे होता. त्याने समुद्राकडे नव्हे, तर शहरातील तलावांकडे पाहिले. गोड्या पाण्यातील स्पंजांची रचना व त्यांचे प्राणित्व यांविषयीचा त्याचा निबंध १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तलाव आटला की हे स्पंज मरतात. परंतु मागे बीजासारख्या टणक गुलिका ठेवतात आणि पाणी आले की त्यांतून नवा स्पंज उगवतो. पुढे त्यांतील एका जातीस कार्टरचेच नाव मिळाले. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले आणि कालांतराने शहरातील जुने तलाव एकामागून एक बुजले. धोबी तलाव आज केवळ नावाने उरला आहे. जेथे असे शोध लागू शकतात ती जागाच आपण बुजवून टाकतो, याची जाणीव आपणांस सहसा नंतर होते.

त्यानंतरही स्पंजाने शास्त्रज्ञांस चकित केले. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन याने जिवंत स्पंज रेशमी जाळीतून दाबून त्याच्या पेशी विलग केल्या. त्या पुन्हा एकत्र येऊन त्यांचा नवा स्पंज झाला. १९५१ मध्ये वर्नर बर्गमन यांनी कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजातून विरळ संयुगे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्याच धर्तीवर बनलेले सायटाराबिन १९६९ पासून रक्ताच्या कर्करोगावर अधिकृत औषध म्हणून वापरात आहे. २०१३ मध्ये असेही दिसून आले, की प्रवाळ-बेटांवर पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य स्पंज शोषून घेतात आणि टाकून दिलेल्या पेशींच्या रूपाने ते इतर जीवांना अन्न म्हणून परत देतात.

प्राणिवंशाच्या वृक्षाची पहिली फांदी स्पंजांची की कंगवा-जेलींची, हा वाद मात्र आजही चालू आहे. ग्रँटपाशी एक काचेची वाटी होती, कार्टरपाशी नोकरीतून उरलेला वेळ आणि जवळचा तलाव. विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावातही एखादा तलाव अजून उरला असेल. तो बुजण्यापूर्वी त्यातील थेंबभर पाणी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहा.