दुसऱ्याच्या ओंजळीनें

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल बंद केली. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे संगणक ज्या घरांत होते, त्या घरांत एक पेंच उभा राहिला. धडधाकट यंत्र अडगळींत टाकावें, कीं त्यावर ‘लिनक्स’ ही विनामूल्य मिळणारी व कोणा एकाच्या मालकीची नसलेली कार्यप्रणाली बसवावी? घरांतील वडील मंडळींनीं या प्रश्नाचा विचार पैशाच्या व सोयीच्या दृष्टीनें केला. मुलांनीं मात्र एकच प्रश्न विचारला : ‘त्यावर आमचे खेळ चालतील का?’ हा प्रश्न पोरकट समजून बाजूस सारण्याचा मोह पुष्कळांस होईल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. प्रबळ प्रतिपक्षाचें अनुकरण करून दुर्बळास स्वतंत्र होतां येतें, कीं तो अधिकच परतंत्र होतो, हा इतिहासांतील एक जुना प्रश्न आहे. आणि मुलांच्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें असतां त्या जुन्या प्रश्नाशींच गांठ पडते.

प्रथम अडचणीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. संगणकावरील कोणताहि खेळ म्हणजे एक लांबलचक आज्ञावली असते. बेरीज-वजाबाकीसारख्या मूळ क्रिया ती थेट प्रोसेसरकडून करवून घेते. आणि विंडोज असो वा लिनक्स, बहुतेक घरगुती यंत्रांत प्रोसेसर एकाच जातीचा असतो. परंतु पडद्यावर चित्र उमटविणें, फाईल उघडणें, आवाज काढणें, या कामांसाठीं ती आज्ञावली कार्यप्रणालीस ठराविक नांवांनीं हांका मारते. विंडोजसाठीं लिहिलेला खेळ लिनक्सवर आणला कीं त्याच्या हांकेला ओ देणारें तेथें कोणीच नसतें. या स्थितीवर उपाय तीनच. प्रत्येक खेळ लिनक्ससाठीं नव्यानें लिहवून घ्यावा. किंवा विंडोजच करारानें मागून आणून आपल्या घरांत ठेवावी. किंवा त्याच हांकांना त्याच रीतीनें ओ देणारा सेवकवर्ग आपण स्वतः तयार करावा. गंमत अशी कीं या तिन्ही उपायांचा प्रयोग झालेला आहे, आणि तिहींचें फळ आज आपणांपुढें आहे.

पहिला उपाय अर्थातच सर्वांत सरळ व मानाचा. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला, आणि १९९४ सालींच ‘डूम’ या गाजलेल्या खेळाची लिनक्सवरील आवृत्ति निघाली. पुढें १९९८ सालीं स्कॉट ड्रेकर या गृहस्थानें कॅलिफोर्नियांत ‘लोकी’ नांवाची कंपनी काढली. तिचा धंदा एकच : विंडोजवरील नामांकित खेळ त्यांच्या मालकांच्या संमतीनें लिनक्ससाठीं रूपांतरित करून विकणें. १९९९ मध्यें तिनें ‘सिव्हिलायझेशन : कॉल टु पॉवर’ हा खेळ बाजारांत आणला व मागोमाग आणखी कित्येक. काम उत्तम होतें, पण हिशेब जुळेना. ज्याला तो खेळ खरोखर हवा असे तो रूपांतराची वाट न पाहतां विंडोजवरच विकत घेऊन मोकळा होई. आणि जो थांबे, अशांची संख्या खर्च भागण्याइतकी नव्हती. ऑगस्ट २००१ मध्यें लोकीनें दिवाळखोरीचा अर्ज केला व जानेवारी २००२ मध्यें तिनें दुकान बंद केलें. तिच्या पदरचे सॅम लँटिंगा यांनीं रचलेलें ‘एसडीएल’ हें साधन मात्र मागें राहिलें. आजहि असंख्य खेळ त्याच्या आधारें लिहिले जातात.

दुसऱ्या उपायाचा प्रयोग लिनक्सवाल्यांनीं नव्हे, तर आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीनें केला. आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांनीं मिळून १९८७ सालीं ‘ओएस/२’ ही कार्यप्रणाली काढली होती. पुढें दोघांचें बिनसलें. १९९२ मध्यें आयबीएमनें एकटीनें तिची २.० ही आवृत्ति काढली, तेव्हां तींत विंडोजच्या आज्ञावल्या चालविण्याचीहि सोय केली. कारण करारानें हातीं आलेला विंडोजचा भागच तिच्या पोटांत बसविला होता. विंडोजहून सरस विंडोज, अशी तिची जाहिरात होती. तिचा परिणाम मात्र उलटा झाला. विंडोजसाठीं लिहिलेली आज्ञावली जर दोहोंकडे चालते, तर ओएस/२साठीं निराळी कशाला लिहावी, असा विचार आज्ञावली लिहिणाऱ्यांनीं केला, आणि तो चुकीचा होता असें म्हणतां येत नाहीं. १९९५ सालीं ‘विंडोज ९५’ निघाली, ३२-बिट आज्ञावल्यांचें नवें पर्व सुरू झालें, आणि उसन्या विंडोजवर विसंबलेली ओएस/२ मागें पडली ती कायमचीच. २००५ च्या अखेरीस तिची विक्री थांबली. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

आतां तिसरा उपाय. १९९३ सालीं सन मायक्रोसिस्टिम्सनें ‘वाबी’ नांवाचें एक साधन जाहीर केलें. विंडोजच्या आज्ञावल्या युनिक्स यंत्रांवर चालविणें हा त्याचा हेतु. त्याच वर्षीं बॉब ॲमस्टॅट व एरिक यंगडेल यांनीं लिनक्ससाठीं तसाच एक खटाटोप आरंभिला आणि त्यास ‘वाईन’ असें नांव पडलें. (सोज्ज्वळ वाचकांनीं दचकूं नये, तीं केवळ आद्याक्षरें आहेत.) १९९४ पासून या कार्याची धुरा अलेक्झांद्र ज्युलियार यांनीं वाहिली आहे. वाईन ही विंडोजची उसनी प्रत नव्हे, कीं नकली यंत्रहि नव्हे. ज्या हांकांना विंडोज ओ देते त्यांतील पुष्कळ हांकांना त्याच रीतीनें ओ देणारी, परंतु सर्वस्वी नव्यानें लिहिलेली अशी ती आज्ञावली आहे. तिचा एक कडक नियम आहे : विंडोजचा मूळ मजकूर ज्यानें पाहिला असेल त्यानें तिच्यांत लेखणी चालवूं नये. तेव्हां काम करावयाचें तें कसें? खऱ्या विंडोजला एकेक प्रश्न घालावा, ती काय उत्तर देते तें टिपून घ्यावें, आणि तेंच उत्तर देईल असा मजकूर आपण स्वतः रचावा. विंडोजच्या चुकाहि तशाच उतरवाव्या लागतात. कारण कित्येक आज्ञावल्या नकळत त्या चुकांवरच विसंबून असतात. असें काम वेगानें होणें शक्यच नव्हतें. वाईनची १.० ही आवृत्ति १७ जून २००८ रोजीं निघाली. म्हणजे आरंभापासून पंधरा वर्षें लोटलीं होतीं!

त्यांतहि खेळांचें प्रकरण सर्वांत बिकट होतें. १९९५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें खेळांसाठीं ‘डायरेक्टएक्स’ हा निराळाच हांकांचा संच काढला होता आणि तो वरचेवर बदलत असे. ट्रान्सगेमिंग नांवाच्या कॅनडांतील कंपनीनें वाईनचा मजकूर घेऊन, त्यांत खेळांसाठीं भर घालून, आपली आवृत्ति वर्गणीवर विकण्यास आरंभ केला. त्या वेळच्या परवान्याप्रमाणें ही भर मूळ वाईनला परत देण्याचें बंधन तिजवर नव्हतें. यावरून मंडळींत खल झाला व मार्च २००२ मध्यें वाईननें परवाना बदलला : वाईनच्या मजकुरांत सुधारणा करून ती वांटणारानें त्या सुधारणेचा मजकूरहि सर्वांस खुला केला पाहिजे. ही गोष्ट दिसावयास किरकोळ आहे. पण पुढें घडलेल्या गोष्टींचें बीज तींत होतें. ट्रान्सगेमिंगचा तो उद्योग २०११ मध्यें बंद पडला; वाईन टिकली.

पुढील वळण एका व्यापाऱ्याच्या भीतीनें आलें. वॉल्व्ह कंपनीचें ‘स्टीम’ हें खेळ विकण्याचें दुकान २००३ पासून विंडोजवर भरभराटलें होतें. २०१२ सालीं ‘विंडोज ८’ निघाली ती मायक्रोसॉफ्टचें स्वतःचें दुकान बरोबर घेऊनच. ज्याच्या जागेंत आपण दुकान थाटलें तोच शेजारीं दुकान मांडतो हें पाहून वॉल्व्हचे चालक गेब न्यूवेल यांनीं ती आवृत्ति सर्वांवर आपत्ति आहे असें उघड बोलून दाखविलें. फेब्रुवारी २०१३ मध्यें स्टीम लिनक्सवर आलें, आणि नोव्हेंबर २०१५ मध्यें लिनक्सवर चालणारीं ‘स्टीम मशीन’ नांवाचीं यंत्रेंहि विक्रीस निघालीं. परंतु खेळ लिहिणारे लिनक्ससाठीं निराळें लिहीनात, म्हणून यंत्रें खपेनात. आणि यंत्रें खपत नाहींत म्हणून कोणी लिहीना. जें लोकीच्या नशिबीं आलें होतें तेंच वॉल्व्हच्याहि.

तेव्हां वॉल्व्हची दृष्टि वाईनकडे वळली. २०१६ मध्यें ‘व्हल्कन’ हा चित्रे उमटविण्याचा नवा, कोणा एका कंपनीच्या हातीं नसलेला हांकांचा संच प्रसिद्ध झाला होता. जर्मनींतील फिलिप रेबोले या तरुणाला ‘नीअर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता, तेवढ्यासाठीं त्यानें डायरेक्टएक्सच्या हांका व्हल्कनमध्यें उतरविणारें ‘डीएक्सव्हीके’ नांवाचें साधन रचलें व २०१८ च्या आरंभीं तें लोकांपुढें आलें. वॉल्व्हनें त्यास लगेच मेहनताना देऊन कामास लाविलें. वाईनच्या कार्यास वाहिलेली ‘कोडवीव्हर्स’ ही कंपनी जोडीस घेऊन वॉल्व्हनें २१ ऑगस्ट २०१८ रोजीं ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केलें. त्या दिवशीं त्याखालीं चालतात असे हमीनें सांगितलेले खेळ अवघे २७ होते. २०२२ च्या फेब्रुवारींत ‘स्टीम डेक’ हें हातांत मावणारें यंत्र याच पायावर निघालें, तेव्हां चालणाऱ्या खेळांची गणना हजारांत गेली होती. मार्च २०२५ मध्यें तर लिनक्सच्या गाभ्यानेंच, ६.१४ या आवृत्तींत, विंडोजच्या एका विशिष्ट रीतीसाठीं स्वतंत्र जागा करून दिली. स्टीमच्या मासिक पाहणींत ऑक्टोबर २०२५ मध्यें लिनक्स वापरणारांचें प्रमाण प्रथमच शेंकडा ३ च्या वर गेलें.

येथें विचारी वाचक विचारील : ही ओएस/२चीच पुनरावृत्ति नव्हे काय? आक्षेप पोकळ नाहीं. ‘रॉकेट लीग’ या लोकप्रिय खेळाच्या मालकांनीं मार्च २०२० मध्यें लिनक्सची स्वतंत्र आवृत्ति चालविणें थांबविलें. प्रोटॉनखालीं विंडोजची आवृत्ति चालत असतां दुसरीचा खर्च कोण सोसणार? लिनक्सवर खेळ वाढले ते असे विंडोजच्या भाषेंत वाढले.

तथापि आमच्या मतें दोन्ही प्रकरणांत एक मूलभूत भेद आहे. आयबीएमजवळ होती ती उसनी वस्तु होती. करार होता तोंवर तिचा उपयोग. वाईनमधील प्रत्येक ओळ वाईनवाल्यांची आहे, आणि २००२ च्या परवान्यामुळें ती सर्वांची आहे. ती परत मागणारा धनी नाहीं. हांकांच्या नांवांवरच कोणी हक्क सांगितला तर काय, ही शंका मात्र दीर्घकाळ होती. जावाच्या हांकांच्या सुमारें ११,५०० ओळी गूगलनें घेतल्या म्हणून ओरॅकलनें लावलेल्या दाव्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ एप्रिल २०२१ रोजीं सहा विरुद्ध दोन मतांनीं गूगलच्या बाजूनें निकाल दिला. अशा नांवांवर स्वामित्व असूं शकतें कीं नाहीं हा मूळ प्रश्न न्यायालयानें मोकळाच ठेविला; पण गूगलचा तो उपयोग न्याय्य होता असें ठरविलें. वाईनसारख्या कार्यास हा निकाल थोडाबहुत आधार देतोच.

दुसरें असें कीं अनुकरण कधीं कधीं मूळाहून अधिक स्मरणशील ठरतें. गुणाढ्याची पैशाची भाषेंतील बृहत्कथा मूळ रूपांत नाहींशी झाली. आज ती आपणांस ठाऊक आहे ती सोमदेवाच्या कथासरित्सागरासारख्या संस्कृत अवतारांवरून. येथेंहि तोच प्रकार घडत आहे. १९९० च्या सुमारास विंडोजसाठीं लिहिलेल्या १६-बिट आज्ञावल्या विंडोजच्या आजच्या ६४-बिट आवृत्त्यांवर चालत नाहींत. वाईनखालीं त्यांतील पुष्कळ अद्यापि चालतात. मालकानें टाकून दिलेला वारसा अनुकरण करणारानें जतन केला, हें या इतिहासांतील आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें.

एवढें झालें तरी एक दार बंदच आहे. अनेकांनीं मिळून खेळावयाच्या स्पर्धेच्या खेळांत लबाडी पकडण्यासाठीं पहारेकरी आज्ञावल्या बसवितात, आणि त्यांतील कित्येक थेट विंडोजच्या गाभ्यांत जाऊन बसतात. २०२१ मध्यें ‘ईझी अँटी-चीट’ व ‘बॅटलआय’ या दोन पहारेकऱ्यांनीं प्रोटॉनखालीं काम करण्याची सोय केली. पण ती स्वीकारावी कीं नाहीं हें खेळाच्या मालकानें ठरवावयाचें. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ कांहीं काळ लिनक्सवर चालला. लबाडी वाढते या कारणास्तव ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तो तेथें बंद केला गेला. ‘लीग ऑफ लेजंड्स’ वाईनखालीं चालत असे. २०२४ मध्यें त्यांत नवा पहारेकरी आला व तें थांबलें. मालकांची अडचण खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथें प्रश्न कौशल्याचा होता तेथें तीस वर्षांच्या चिकाटीनें तो सोडविला. जेथें प्रश्न संमतीचा आहे तेथें कौशल्याचें कांहीं चालत नाहीं.

तेव्हां मुलांना उत्तर द्यावयाचें तें असें : एकट्यानें खेळावयाचे तुमचे बहुतेक खेळ लिनक्सवर चालतील, जुने तर कदाचित् विंडोजपेक्षांहि बरे चालतील, स्पर्धेचे खेळ मात्र एकेक करून पाहून घ्या, आणि मगच काय तें ठरवा. आणि वडील मंडळींना सांगावयाचें तें असें कीं, दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणें वेगळें, आणि त्याची ओंजळ कशी जुळते हें पाहून आपल्या हातांची ओंजळ करणें वेगळें. पहिल्यांत तहान भागते ती त्याच्या मर्जीनें. दुसऱ्याला पंधरा वर्षें लागलीं तरी तीं वायां जात नाहींत.