खोली मोजणाऱ्यांची करमणूक

संशोधन जहाजावरच्या कामात सगळ्यात मोठा वाटा वाट पाहण्याचा असतो. चार हजार मीटर खोलीवर उपकरण सोडून परत वर ओढायला अडीच-तीन तास लागतात. ते डेकवर आलं की पाण्याचे नमुने काढायचे, जहाज पुढच्या ठिकाणी न्यायचं आणि तोच खेळ पुन्हा मांडायचा. गोव्याहून सुटणाऱ्या अशा जहाजांवर तंत्रज्ञ म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. डेकवर खलाशांचे मुकादम सारंग आणि टिंडल, खाली इंजिनात तेलवाले, गॅलीत स्वयंपाक करणारे भंडारी. यांतले पुष्कळजण रत्नागिरीकडचे किंवा गोव्याचे. संध्याकाळी मेसमध्ये पत्ते निघत, समुद्र शांत असला तर कॅरम. जहाज डुलायला लागलं की सोंगट्या आपोआप एका बाजूला जमत आणि बोर्ड भिंतीला लागे. मग गाणी सुरू होत. कुणी कोकणातलं नमन म्हणे, कुणी गोव्याचा मांडो.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. महिनोन्‌महिने किनारा न दिसणाऱ्या या माणसांचं मन कशावर टिकतं? त्याचं उत्तर मी जुन्या मोहिमांच्या वृत्तान्तांत शोधत आलो आहे.

आधुनिक समुद्रशास्त्राची सुरुवात ज्या जहाजापासून मानतात ते ‘चॅलेंजर’ 21 डिसेंबर 1872 रोजी पोर्ट्समथहून निघालं. ब्रिटिश आरमाराची ही युद्धनौका. दोन सोडून बाकीच्या तोफा उतरवून त्या जागी प्रयोगशाळा केल्या होत्या. जहाजावर सुमारे 240 माणसं होती आणि वायविल थॉमसन यांच्या हाताखाली मूठभर शास्त्रज्ञ. साडेतीन वर्षांत ते 68,890 सागरी मैल फिरलं आणि साडेतीनशेहून अधिक ठिकाणी त्यांनी समुद्राची खोली मोजली. जाड दोर सोडायचा, वाफेच्या छोट्या इंजिनावर परत ओढायचा. तळ खरवडणारं जाळं वर यायला अख्खा दिवस जाई.

मोहिमेवरचा निसर्गअभ्यासक हेन्री मोझली याने आपल्या पुस्तकात एक बारीक निरीक्षण नोंदवलं आहे. सुरुवातीला जाळं वर आलं की हातातलं काम टाकता येईल तो प्रत्येक खलाशी, प्रत्येक पोरगा धावत येई. पुढे तेच तेच प्राणी दिसू लागले आणि गर्दी ओसरली. जेवणाच्या वेळी जाळं आलं तर काही शास्त्रज्ञसुद्धा उठेनासे झाले. अधिकाऱ्यांच्या दालनात रॉबर्ट नावाचा पोपट होता. दोन हजार वाव दोर सोडला तरी तळ लागेना, हे वाक्य तो पाठ म्हणे. एक वाव म्हणजे सहा फूट. पोपटाच्या तोंडी बसण्याइतकं ते वाक्य त्या जहाजावर पुन्हापुन्हा बोललं गेलं होतं.

या प्रवासात साठेक खलाशी निरनिराळ्या बंदरांत जहाज सोडून पळाले. कारणं एकाहून अधिक असणार. पगार तुटपुंजा होता आणि ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी किनाऱ्यावर बरी मजुरी मिळत होती. पण दोर ओढणाऱ्याला त्या दोराच्या टोकाशी काय आहे यात गोडी उरली नव्हती, हेही त्यातलं एक कारण आहे असं मला वाटतं. त्याच जहाजावर जोसेफ मॅटकिन नावाचा एकोणीस वर्षांचा कोठारातला मदतनीस होता. तो घरी लांबलचक पत्रं लिही. किती खोल पाणी लागलं, जाळ्यात काय आलं, शास्त्रज्ञ काय म्हणतात, हे सगळं तो समजून घेऊन आईला कळवायचा. तो शेवटपर्यंत जहाजावर राहिला. ज्याला कामाचा अर्थ कळला त्याला करमणूक वेगळी शोधावी लागली नाही.

या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नॉर्वेचं ‘फ्राम’. ध्रुवीय समुद्रातला बर्फ सायबेरियाकडून ग्रीनलंडकडे वाहत जातो, असं मोहिमेचा नायक फ्रित्यॉफ नान्सेन याचं अनुमान होतं. ते पडताळण्यासाठी जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घ्यायचं आणि वाहत जायचं, असा बेत होता. कॉलिन आर्चरने गोल बुडाचं जहाज बांधलं, म्हणजे बर्फाने दाबलं तर ते चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. 24 जून 1893 रोजी ते निघालं आणि सप्टेंबरअखेर न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला बर्फात अडकलं. जहाजावर तेरा माणसं होती. तेरावा बेर्न्ट बेन्ट्सेन. ट्रोम्सो बंदरात संध्याकाळी तो नान्सेनशी बोलायला आला आणि दीड-दोन तासांत जहाजाबरोबर निघालाही. गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नान्सेनने मनाची तयारी जहाज बांधतानाच केली होती. मधोमध एक दालन, त्याभोवती निजण्याच्या खोल्या. भिंतींत बुच, नमदा आणि हरणाचे केस भरून ऊब राखलेली. दालनात सगळे एकाच टेबलावर जेवत आणि सगळ्यांना एकच अन्न मिळे, मग तो मोहिमेचा नायक असो की इंजिनात कोळसा टाकणारा. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. काही शे पुस्तकं होती, वाजवायला ऑर्गन होता. ऑक्टोबर 1893 मध्ये डेकवर पवनचक्की उभी राहिली आणि ध्रुवीय रात्रीत विजेचा दिवा लागला. डॉक्टर ब्लेसिंग ‘फ्रामश्यो’ नावाचं हस्तलिखित वर्तमानपत्र काढी आणि ते मोठ्याने वाचलं जाई. संध्याकाळी सहाला जेवण, मग वाचन, आठच्या सुमारास पत्ते, मोगस्ता नावाचा सहकारी व्हायोलिन काढी. तंबाखू ओढायची तर गॅलीत जायचं. वाढदिवसाला केक आणि छापील थाटाचा भोजनक्रम. 17 मे, नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस, झेंडे घेऊन बर्फावर मिरवणूक.

पण ‘फ्राम’वरचा खरा करमणुकीचा विषय निराळाच होता. वेध घेण्याचं काम स्कॉट हान्सेनकडे होतं; तो ताऱ्यांवरून जहाजाचं स्थान काढी. तो आकडेमोड करत असला की बाकीचे त्याच्या खोलीभोवती घोटाळत. उत्तरेकडे सरकलो असं कळलं की दालनात जल्लोष. वाऱ्याने दक्षिणेकडे ढकललं असेल तर सगळे गप्प. नान्सेनने स्वतः लिहिलं आहे की जहाजावरची मनःस्थिती या निरीक्षणांवर अवलंबून असे. वेधांचा आकडा इथे प्रत्येकाचा होता.

1894 च्या सुरुवातीला कळलं की ध्रुवीय समुद्र अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल आहे आणि मोजायला जहाजावर पुरेसा दोर नाही. मग त्यांनी जहाजाचीच एक पोलादी केबल उलगडली आणि गोठवणाऱ्या थंडीत बर्फावर तिचे पीळ सोडवून चार-पाच हजार मीटरचा नवा दोर वळला. खोली निघाली तीन हजार मीटरच्या वर. उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र उथळ आहे हा समज त्या हाताने वळलेल्या दोराने मोडला. ते काम म्हणजे त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा उत्सव होता, असं मी मानतो.

तिथे स्वर्ग नव्हता. नान्सेनच्या रोजनिशीत तगमग आहे. त्याच्या हुकमी स्वभावाबद्दलची नाराजी इतरांनी लिहून ठेवली आहे. मार्च 1895 मध्ये तो योहान्सेन या सहकाऱ्याला घेऊन स्लेजने ध्रुवाकडे निघाला, तेव्हा सगळी सूत्रं कप्तान ओटो स्वेरड्रुपच्या हाती आली. त्याने रोज सगळ्यांना स्कीवर बाहेर काढण्याचा नियम केला. ऑगस्ट 1896 मध्ये जहाज बर्फातून सुटलं आणि तेराच्या तेरा माणसं घरी पोचली.

थोड्याच वर्षांनी, 1898 मध्ये, बेल्जियमचं ‘बेल्जिका’ अंटार्क्टिक बर्फात अडकलं. तिथेही करमणुकीचे प्रयत्न झाले, मासिकांतल्या सुंदरींच्या चित्रांची स्पर्धासुद्धा. पण हिवाळ्यात राहण्याची तयारी नव्हती, ताज्या मांसाकडे लोक पाठ फिरवत होते. स्कर्व्हीने घेरलं, दांको हा शास्त्रज्ञ जूनमध्ये वारला, काहींची मनं बिघडली. डॉक्टर फ्रेडरिक कुकने सील आणि पेंग्विनचं मांस खायला लावलं, शेकोटीच्या उबेला बसवलं, तेव्हा माणसं सावरली. पोटाला योग्य ते मिळालं नाही तर पत्ते आणि गाणी काही करू शकत नाहीत.

पुन्हा ‘चॅलेंजर’कडे येतो. तिच्या जाळ्यात 1873 मध्ये मँगनीजचे काळे गोळे आले होते. 26 जानेवारी 1981 रोजी ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून तसेच गोळे भारतासाठी पहिल्यांदा काढले. त्यानंतर खोल समुद्रातल्या खनिजांच्या शोधात भारताला आंतरराष्ट्रीय पातळीवर स्थान मिळालं. असा गोळा वर येतो तेव्हा विंचवर हात सारंगाचा असतो आणि रात्री दोनला त्याला गरम चहा भंडाऱ्याने दिलेला असतो.

आता जहाजांवर उपग्रहाने इंटरनेट येतं, जिम असते, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असतो. पत्ते कमी झाले, मेस लवकर रिकामी होते. घरच्यांचा आवाज रोज ऐकू येतो, ही फार मोठी सोय आहे आणि ती हवीच. पण माझी एक आग्रहाची सूचना आहे. कुठल्याही मोहिमेवर रोज संध्याकाळी मेसमधल्या फळ्यावर त्या दिवसाचा आलेख लावावा आणि शास्त्रज्ञांपैकी एकाने तो मराठीत, कोंकणीत, हिंदीत, ज्याला जी भाषा कळेल तीत समजावून सांगावा. किती खोल गेलो, काय सापडलं, उद्या काय शोधणार. तेलवाल्याने प्रश्न विचारले तर त्यांची उत्तरं द्यावीत. त्याला दहा मिनिटं पुरतात, खर्च काहीच नाही. ‘फ्राम’वरच्या माणसांना तीन वर्षं उभं ठेवलं ते या वाटून घेण्याने.