केदारेश्वराचा चौथा खांब

हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा जाणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो : यात गड कुठे आहे? अकोले तालुक्यातल्या पाचनईकडून चढून आले की हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर दिसते, पुष्करणी दिसते, कातळात कोरलेल्या गुहा दिसतात, पुढे कोकणकडा येतो. तटबंदीचे अवशेष मात्र बालेकिल्ल्याच्या डोंगरावर शोधावे लागतात. १७४७-४८ मध्ये हा किल्ला मोगलांकडून मराठ्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्यानंतर ओस पडला. लढायांचा इतिहास एवढ्यात आटोपतो. उरतो तो त्याहून कितीतरी जुन्या तीर्थाचा इतिहास, आणि त्या तीर्थाची एक दंतकथा.

मंदिराशेजारच्या ओढ्याच्या काठाला केदारेश्वराची गुहा आहे. आत कमरेएवढ्या थंडगार पाण्यात सुमारे पाच फुटी शिवलिंग, त्याच्या चार कोपऱ्यांना कातळातच राखलेले चार खांब. त्यांतले तीन तुटले आहेत, एकच शाबूत आहे. कथा सांगते : हे खांब म्हणजे चार युगे. एकेक युग संपले तसा एकेक खांब कोसळला. चौथा कलियुगाचा, तो पडेल त्या दिवशी जग बुडेल.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, रविवार आणि सुट्ट्या काढून घाटमाथ्यावरची लेणी-मंदिरे पाहत आलो. दंतकथा हा घटनेचा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण ती सांगणाऱ्यांच्या मनाचा पुरावा नक्कीच असते. म्हणून ‘हे खरे का?’ यापेक्षा ‘ही कथा केव्हा आणि कशातून जुळली असेल?’ असे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिली गोष्ट खांबांची. बांधलेल्या घरात खांब आधी उभा राहतो, मग त्यावर छत येते. कोरीव गुहेत छत आधीपासूनच डोंगराचे असते. कारागीर खालचा दगड काढत जातो आणि खांबापुरता राखतो. म्हणून असा खांब तुटला तरी छत लगेच खाली येत नाही. घारापुरीच्या लेण्यातले कितीतरी खांब मोडले होते, तरी छत टिकले. केदारेश्वरातही तीन खांब गेले, गुहा उभी आहे. डोंगर खांबावर उभा नाही. कथेत मात्र सगळे जग त्यावर उभे आहे.

दुसरी गोष्ट काळाची. युगांशी जोडलेली ही कथा एकच खांब उरल्यावरच सांगता येते. दोन खांब उभे असताना ती सांगितली असती, तर ऐकणाऱ्याला आपण द्वापारयुगात आहोत असे मानावे लागले असते! म्हणजे या रूपातली कथा तिसरा खांब मोडल्यानंतरची. मंदिराची धाटणी शिलाहार-यादव काळातली. कथा तेवढी जुनी असायलाच हवी असे नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भागवतात परीक्षित राजाला एका पायावर उभा असलेला बैल भेटतो. तो बैल म्हणजे धर्म. तप, शौच आणि दया हे त्याचे तीन पाय मोडले आहेत; कलियुगात एकच पाय उरला आहे, तो सत्याचा. आणि हा डोंगर कोणाचा? सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र पणाला लावणाऱ्या हरिश्चंद्राचा. तारामती आणि रोहिदास ही शेजारच्या शिखरांची नावेही त्याच घरातली. पुराण-कीर्तनातून हा बैल ज्यांच्या ओळखीचा होता, त्यांना हरिश्चंद्राच्या डोंगरावर उरलेला एक खांब कशाचा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको. ही कथा भाबड्या मनाची भीती नाही; तिच्यामागे हिशेब आहे.

याच डोंगराने आपल्याला एक पक्की तारीखही दिली आहे. चांगदेवाचा ‘तत्त्वसार’ हा मराठी ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे १३१२ साली, इथे लिहिला गेला. ‘ज्ञानेश्वरी’ला तेव्हा बावीसच वर्षे झाली होती. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला होता, आणि याच सुमारास मलिक काफूरच्या हातून यादव राजा शंकरदेव मारला गेला. यादवांचे जग बुडत असताना या कड्यावर कोणी तरी शांतपणे मराठीत तत्त्वविचार मांडत होता, आणि खाली साल घालत होता. खांबाची कथा गडावर येणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडते. या तारखेबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलतो.

दोन्ही जपायला हव्यात. शनिवार-रविवारी गुहेत गर्दी होते, पाण्यात उतरून खांबाला मिठ्या मारत छायाचित्रे काढली जातात. पायाशी कायम पाणी असलेला तो दगड किती सोसेल? खांब पडला तर जग तसेच राहील, संपेल ती कथा. म्हणून माझे मागणे साधे आहे : खांबाची मोजमापे घ्यावीत, भेगांची दरवर्षी नोंद व्हावी, हात लावण्यास मनाई असावी, आणि गुहेबाहेर एक पाटी लावून तिच्यावर शके १२३४ हा आकडा ठळक लिहावा.