बॅटरीखालचं कार्ड

यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यातलं ढाणकी हे उमरखेड तालुक्यातलं नगरपंचायतीचं गाव. अशा गावात स्मार्टकार्ड म्हटलं की वयस्क माणसांना आधी एसटी आठवते. महामंडळाने २०१९ मध्ये ज्येष्ठांसाठी स्मार्टकार्ड आणलं. ६५ वर्षांवरच्यांना निम्मं तिकीट होतं, पण वर्षाला ४,००० किलोमीटरपर्यंतच. ही मोजदाद कागदी दाखल्यावर ठेवणं अवघड, चिपवर सोपं. उमरखेडला दवाखान्यात नाहीतर तहसीलमध्ये जाणाऱ्या म्हाताऱ्याचे किलोमीटर ते असे कितीसे भरणार! तरी नोंदणीसाठी खेपा त्यालाच पडल्या. मग कार्ड काढायला मुदतवाढीवर मुदतवाढ, मधेच कोरोना. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला, तेव्हा कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं तरी भागू लागलं.

चिप मात्र एसटीच्या कार्डाच्या कितीतरी आधी घराघरांत शिरली होती.

जर्मनीत ग्रोट्रुप आणि देथलोफ यांनी १९६८ मध्ये, तर फ्रान्समध्ये रोलां मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिपच्या कार्डाच्या कल्पनेवर पेटंटचा हक्क मांडला. फ्रान्समधल्या सार्वजनिक फोनवर अशी कार्डं १९८०च्या दशकात चालू लागली. १९९१ मध्ये म्युनिकच्या गीझेके उंड डेव्रियंट कंपनीने फिनलंडसाठी पहिली सिमकार्डं बनवली. भारतात मोबाईलवरचं पहिलं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ला. पण खेड्यापाड्यांत मोबाईल परवडू लागला तो २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाल्यानंतर.

फोनचं मागचं झाकण नखाने उचकटायचं, बॅटरी काढायची, सोनेरी बाजू खाली करून सिम सरकवायचं, एवढं शाळकरी पोरालाही जमायचं. त्या सोनेरी तुकड्याखालच्या चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते. टॉवरकडून एक आकडा येतो, चिप त्या किल्लीने हिशेब करून उत्तर पाठवते. उत्तर जुळलं की फोन लागतो. किल्ली स्वतः कार्डाबाहेर कधीच पडत नाही. या तंत्राची सारी ताकद इथेच आहे.

बँकेच्या कार्डात हे शहाणपण उशिरा आलं. २०१४ मध्ये जनधन खात्यांबरोबर रुपे कार्डं खेडोपाडी पोचली, पण त्या काळातल्या बहुतेक डेबिट कार्डांवर नुसती काळी चुंबकीय पट्टी होती. पट्टीची नक्कल होते; चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते. रिझर्व्ह बँकेने जुनी कार्डं बदलायला ३१ डिसेंबर २०१८ची मुदत दिली. तोवर, एप्रिल २०१६ मध्येच, यूपीआय आलं होतं आणि दुकानांच्या काउंटरवर क्यूआर कोडचे कागद चिकटू लागले होते.

आता कार्ड संपलं असं वाटतं, पण तसं नाही. यूपीआय सुरू करताना फोनमधून एक एसएमएस जातो तो खात्याला जोडलेल्या सिमवरून, आणि बँक त्यावरून माणूस ओळखते. म्हणून सिम जपणं आता पासबुक जपण्याइतकंच गरजेचं आहे. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, घातलेल्या कापसाचे पैसे थेट खात्यात येतात, त्याचा मेसेजही त्याच नंबरवर. रिचार्ज राहून गेला, नंबर ९० दिवस वापरात नसला आणि शिल्लकही नसली, तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. ज्या घरात एकच मोबाईल आहे, तिथे बँकेत जाऊन नवा नंबर जोडेपर्यंत यूपीआयही बंद आणि ओटीपीही नाही.