डावखुऱ्याशी गाठ



खानदेशात कुस्तीवर बोलायचे म्हटले तर वक्त्याला प्रस्तावना करावी लागत नाही. चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरीपद मिळवले, तेव्हा आखाड्याची भाषा या जिल्ह्यांत घरोघर बोलली गेली. मुष्टियुद्धाचे तसे नाही. तो खेळ आपल्याकडे पलटणींतून आणि मुंबईसारख्या बंदराच्या शहरांतून आला, आणि आपल्या जत्रांत तो कधी शिरला नाही. तरीही आज मी त्याच्या इतिहासातील एक प्रकरण तुमच्यापुढे ठेवणार आहे. त्यात जो प्रश्न आहे तो ठोशांपुरता नाही. जगात सर्वांत बलवान म्हणून ज्यांची गणना झाली, ते वजनदार गटाचे थोर मल्ल डावखुरा प्रतिस्पर्धी समोर आला की का अडखळले? आणि त्यांतले सावरले ते कशामुळे सावरले?

प्रथम पवित्रा समजून घेऊ. उजव्या हाताचा मुष्टियोद्धा डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो. पुढचा डावा हात अंतर मोजतो, टोचतो, शत्रूला थोपवतो. मागे राखलेला उजवा हात हा त्याचा घण. डावखुऱ्याचे सारे उलटे. त्याचा उजवा पाय पुढे, उजवा हात पुढे, आणि घण डाव्या हाताचा. या व्याख्यानापुरता डावखुरा म्हणजे असा उलट्या पवित्र्याने लढणारा. मग तो जेवतो कोणत्या का हाताने! इंग्रजीत अशा लढवय्याला ‘साउथपॉ’ म्हणजे दाक्षिणात्य पंजाचा म्हणतात. गंमत अशी की आपल्या संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. त्यांचा डावा दक्षिणेला आणि आपला उजवा दक्षिणेला! आपल्या भाषेत डाव्याला ‘वाम’ म्हणतात, आणि वाम याचा दुसरा अर्थ प्रतिकूल, वाकडा. मुष्टियुद्धाच्या रिंगणात हे दोन्ही अर्थ एकाच माणसात भेटतात.

आता तुमच्यातील शेतकरी मंडळींना एक उदाहरण देतो. वर्षानुवर्षे जुवाच्या उजव्या बाजूला चाललेला बैल एखाद्या सकाळी डाव्या बाजूला जुंपा. बैल तोच, ताकद तीच, वाटही रोजचीच. पण तास वाकडे पडतात, जोडीदाराशी खांदा घासतो आणि हाकणारा हैराण होतो. उजव्या योद्ध्याची डावखुऱ्यापुढे हीच गत होते. दोघांचे पुढचे पाय एकाच रेषेत येऊन एकमेकांना अडतात. ज्या हाताने अंतर मोजायचे तो हात शत्रूच्या पुढच्या हातावर आदळतो. माणसाचे यकृत उजव्या कुशीत असते. नेहमीच्या लढतीत ही कूस मागे राहते आणि सुरक्षित असते. डावखुऱ्याचा मागून येणारा डावा हात मात्र नेमका तिथेच पोचतो. उलटपक्षी उजव्या योद्ध्याचा सरळ उजवा ठोसा डावखुऱ्याच्या पहाऱ्यातून थेट आत शिरू शकतो. म्हणजे वाट दोघांनाही मोकळी आहे. फरक इतकाच की डावखुरा ती वाट रोज चालतो. कारण माणसांत डावरे दहांत एखादाच, आणि त्याला सरावाला, लढतीला बहुधा उजवाच मिळतो. उजव्याला डावखुरा भेटतो तो वर्षा-दोन वर्षांनी. सगळे बळ या विषम परिचयात आहे.

असे असूनही इतिहास एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. हातमोजे घालून लढण्याचा नियम रुळल्यावर ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्सला जेम्स कॉर्बेटने एकविसाव्या फेरीत जॉन सुलिव्हनला पाडले आणि वजनदार गटाच्या नव्या युगाला आरंभ झाला. त्या दिवसापासून १९९४ पर्यंत, म्हणजे एकशे दोन वर्षे, या गटात एकही डावखुरा विश्वविजेता झाला नाही. डावा पवित्रा इतका अडचणीचा, तर मग डावखुरे गेले कुठे?

ते तालमीच्या दारातच उजवे केले जात होते. डावरा पोरगा आला की उस्ताद त्याचे पाय बदलून टाकी. कारण व्यवहाराचे होते. डावखुऱ्याशी लढायला कोणी राजी नसे, व्यवस्थापक आपल्या माणसाला त्याच्यापासून दूर ठेवीत, आणि लढती नाहीत तर पैसाही नाही. ज्याला जिंकणे कठीण, त्याला टाळणे सोपे, असा हा हिशेब होता. पण निसर्ग दडपला तरी तो दुसऱ्या दाराने येतोच. इंग्लंडचा हेन्री कूपर मुळात डावरा होता आणि लढत असे उजव्या पवित्र्याने. त्यामुळे त्याचा बळकट हात पुढे आला, आणि तो जवळून जे आकड्यासारखे वळवून मारी, त्याला सारे इंग्लंड ‘हेन्रीचा हातोडा’ म्हणून ओळखू लागले. १८ जून १९६३ रोजी वेम्बलीच्या मैदानावर त्याच डाव्या हाताने चौथ्या फेरीच्या अखेरीस एका एकवीस वर्षांच्या तरुणाला दोरांवर लोळवले. तरुण वाचला, आणि पुढच्याच फेरीत कूपरच्या डोळ्यावरील जखमेमुळे जिंकलाही. तो तरुण कॅशियस क्ले. पुढचा महंमद अली.

अलीचेच उदाहरण पुढे नेऊ. १९६६ साली तो ऐन भरात होता. मे महिन्यात लंडनला कूपरला त्याने सहाव्या फेरीत थांबवले, ऑगस्टमध्ये ब्रायन लंडनला तिसऱ्या फेरीत झोपवले. मग १० सप्टेंबरला फ्रँकफुर्ट येथे जर्मनीचा कार्ल मिल्डेनबर्गर समोर आला. विश्वविजेतेपदासाठी लढणारा या गटातील तो पहिला डावखुरा. जर्मनीबाहेर त्याला फारसे कोणी मोजत नव्हते. तरीही ही लढत बाराव्या फेरीपर्यंत चालली. ज्याच्या पदन्यासाचे जगाने कौतुक केले, त्याचे पाय इथे वारंवार शत्रूच्या पायाशी अडत होते, आणि त्या डाव्या हाताचे ठोसे त्याच्या कुशीत बसत होते. मिल्डेनबर्गर तीनदा खाली पडला, तीनदा उठला, आणि अखेर पंचांनी लढत थांबवली. अली जिंकला, पण या एकाने त्याला बारा फेऱ्या राबवले, हे विसरता येत नाही.

दहा वर्षांनी, २४ मे १९७६ रोजी, त्याच जर्मनीत म्युनिकला अलीपुढे दुसरा डावखुरा उभा राहिला. हा ब्रॅडफर्डचा रिचर्ड डन, बांधकामावर पाड बांधणारा कामकरी. अली तोवर चौतिशीत आला होता, चपळाई ओसरली होती. पण या वेळी त्याने सरळ उजव्या ठोशाचा आश्रय केला. डन पुन:पुन्हा खाली गेला आणि पाचव्या फेरीत खेळ संपला. डन हा मिल्डेनबर्गरच्या तोडीचा नव्हता, हे कबूल केलेच पाहिजे. तरी चोविसाव्या वर्षी पायांनी जे सोडवता आले नव्हते, ते चौतिसाव्या वर्षी एका सरळ रेषेने सुटले, एवढे त्यातून दिसते.

शतकाची कोंडी फुटली ती २२ एप्रिल १९९४ रोजी. लास व्हेगासला मायकेल मूररने इव्हँडर होलिफील्डकडून विजेतेपद घेतले. दुसऱ्या फेरीत मूरर खाली गेला होता. मध्यंतरी तो इतका सुस्तावला की त्याचे गुरू टेडी अॅटलस त्याच्याच स्टुलावर जाऊन बसले आणि तुझ्याऐवजी मी लढू का, असे त्याला विचारू लागले! शेवटी दोन परीक्षकांनी मूररला कौल दिला, तिसऱ्याने बरोबरी दाखवली. वजनदार गटाचा हा पहिला डावखुरा विश्वविजेता.

त्याचे राज्य सात महिनेही टिकले नाही. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी त्याच शहरात जॉर्ज फोरमन त्याच्यापुढे आला. वय पंचेचाळीस. १९७४ मध्ये झाईरला अलीपुढे ज्या चड्डीत तो हरला होता, तीच चड्डी घालून तो आला होता. नऊ फेऱ्या तरुण मूरर त्याला ठोकत होता आणि तिन्ही परीक्षकांच्या कागदावर पुढे होता. फोरमन मार खात एक गोष्ट करत राहिला: डावा हात संथपणे पुढे टाकायचा आणि उजव्या हातासाठी वाट उघडते का, हे पाहायचे. दहाव्या फेरीत ती उघडली. सरळ उजवा ठोसा हनुवटीवर बसला आणि मूरर उताणा पडला. डावखुऱ्यावरील उतारा पुस्तकात सगळ्यांनाच सापडतो. तो वापरण्याची वेळ येईपर्यंत थांबायला मात्र फोरमनसारखा सोशिकपणा लागतो. होलिफील्डनेही तो धडा गिरवला. ८ नोव्हेंबर १९९७ रोजी दुसऱ्या भेटीत त्याने मूररला पाच वेळा खाली पाडले, आणि आठव्या फेरीनंतर लढत थांबली.

याच्या उलट दाखला क्लिच्को बंधूंचा. धाकटा व्लादिमिर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. ८ मार्च २००३ रोजी हॅनोव्हरला त्याच्यासमोर दक्षिण आफ्रिकेचा कॉरी सँडर्स आला, सदतीस वर्षांचा, गोल्फचा षौकीन. सर्वांना वाटले, संध्याकाळ लवकर आटोपेल. लवकरच आटोपली, पण दोन फेऱ्यांत चारदा जमिनीवर गेला तो व्लादिमिर! त्या डाव्या हाताचा वेग त्याला शेवटपर्यंत दिसला नाही. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २००४ रोजी, लॉस एंजेलिसला थोरल्या व्हिटालीने सँडर्सला आठव्या फेरीत हरवून घराण्याची पत राखली. प्रारंभी त्यानेही जबर मार खाल्ला, पण तो डगमगला नाही.

व्लादिमिरने पुढे काय केले, ते अधिक शिकण्यासारखे आहे. इमॅन्युएल स्टुअर्ड या गुरूच्या हाताखाली त्याने डावखुऱ्यांविरुद्धची विद्या पहिल्यापासून गिरवली. २००८ मध्ये सुल्तान इब्रागिमोव्ह आणि टोनी थॉम्पसन, २००९ मध्ये रुस्लान चागायेव्ह, २०१२ मध्ये पुन्हा थॉम्पसन: सगळे डावखुरे, आणि सगळे हरले. इब्रागिमोव्हशी न्यूयॉर्कला झालेल्या लढतीत तो शत्रूचा पुढचा हात नुसता थोपटून खाली दाबत राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खेळ नीरस झाला, यात शंका नाही. परंतु एकदा हॅनोव्हर पाहिलेल्या माणसाने टाळ्यांपेक्षा सावधपणा पसंत केला, तर त्याला दोष कोण देणार?

शेवटचा अध्याय युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकचा. हा खालच्या वजनातून वर आलेला डावखुरा. त्याने धिप्पाड अँथनी जोशुआला २५ सप्टेंबर २०२१ रोजी लंडनला आणि २० ऑगस्ट २०२२ रोजी जेद्दाला असे दोनदा गुणांवर हरवले. १८ मे २०२४ रोजी रियाधला टायसन फ्यूरीला हरवून तो सर्व पट्ट्यांचा एकमेव धनी झाला. लेनॉक्स लुईसनंतर या गटात असे कोणाला जमले नव्हते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला फ्यूरी पुन्हा आला. सहा फूट नऊ इंच उंची आणि सुमारे १२७ किलो वजन. समोरचा उसिक जेमतेम १०२ किलोंचा. तिन्ही परीक्षकांनी उसिकला कौल दिला. जोशुआ आणि फ्यूरी दोघांनाही दुसरी संधी मिळाली होती, तयारीला महिने मिळाले होते. तरी हरले. म्हणजे परिचयाने अपरिचितपणा जातो, पण समोरचा मुळात श्रेष्ठ असेल तर तेवढ्याने भागत नाही. डावेपणाच्या मागे विद्याही उभी असली की मग उतारा चालत नाही, हेही इतिहासाने नोंदवलेच पाहिजे.

धुळे ही राजवाड्यांच्या संशोधन मंडळाची नगरी. इथे निष्कर्ष काढायचा तर तो पुराव्याच्या पलीकडे जाता कामा नये. तेव्हा पुराव्यापुरतेच बोलतो. थोर मल्ल डावखुऱ्यापुढे अडखळले ते बळ कमी पडले म्हणून नव्हे. सवय कमी पडली म्हणून. सावरले ते बळ वाढवून सावरले नाहीत. कीर्ती बाजूला ठेवून जो पुन्हा तालमीत विद्यार्थी होऊन उभा राहिला, तो सावरला. आणि शंभर वर्षे ज्या खेळाने डावखुऱ्यांना दाराबाहेर ठेवले, त्याने त्यांचे नुकसान केलेच, शिवाय आपल्या थोरांनाही कच्चे ठेवले. जो शत्रू कधी भेटूच दिला नाही, त्याच्याशी लढायचे शिकणार कसे?

हे बोलताना माझ्या डोळ्यांपुढे रिंगण राहत नाही, आपली घरे येतात. डाव्या हाताने घास उचलणाऱ्या, डाव्या हाताने पाटीवर अक्षर काढणाऱ्या पोराच्या हातावर आपल्याकडे किती पिढ्या पट्टी बसली! प्रसाद घेताना हात बदल, पंगतीत हात बदल, शाळेत हात बदल. दहांतला तो एक मूल जन्मभर उसन्या पवित्र्यात उभा राहिला. कूपरचा हात पुढे निघाला आणि त्याचे नाव झाले. बाकीच्यांचे काय झाले, ते कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. आपल्या परंपरेत दुसरेही एक नाव आहे, ते मात्र आपण विसरतो. महाभारताने आपल्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराला गौरवाने सव्यसाची म्हटले. सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण सोडू शकतो तो सव्यसाची. ज्या समाजाने हे बिरुद अर्जुनाला दिले, त्याने घरच्या डावऱ्या पोराच्या हातावर पट्टी मारू नये, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.